प्रल्हाद शिंदे : विठ्ठलाची गाणी, भीमाचा समाज आणि आपली जबाबदारी

आषाढी जवळ आली की महाराष्ट्रातल्या एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, रिक्षात आणि देवळाच्या कर्ण्यावर एक आवाज हमखास ऐकू येतो. उंच पट्टीतला, थोडा खरखरीत, शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारा. तो आवाज प्रल्हाद शिंदे यांचा. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे गाणे ज्याला येत नाही असा मराठी माणूस विरळा. मात्र हे गाणारा गायक आंबेडकरी समाजातला होता, बुद्ध-भीमगीते गाणारा होता, हे त्या गाण्यावर डोलणाऱ्या कितीतरी लोकांना ठाऊक नसते. आणि आपल्यातल्या कितीतरी तरुणांना ते ठाऊक असते, पण त्याचे काय करायचे ते कळत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाचा गायक विठ्ठलाची गाणी गातो, हे अभिमानाने सांगायचे की अवघडून टाळायचे?

रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागपासून मुरूड, श्रीवर्धन आणि महाडपर्यंतच्या बौद्धवाड्यांत जयंतीच्या तयारीत हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी काढतोच. म्हणून या लेखात आम्ही प्रल्हाददादांची कारकीर्द, तिच्यामागचा काळ आणि त्यातून आपल्यापुढे उभे राहणारे काम एकत्र मांडत आहोत.

थोडक्यात ओळख

प्रल्हाद भगवानराव शिंदे यांचा जन्म १९३३ सालचा. निधन २३ जून २००४ रोजी कल्याण येथे. शिंदे कुटुंबाचे मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातले मंगळवेढे. भक्तिगीत, लोकगीत, कव्वाली आणि बुद्ध-भीमगीत हे त्यांच्या गाण्याचे चार प्रांत. आनंद, मिलिंद आणि दिनकर ही मुले गायक झाली. आनंद शिंदे यांची मुले हर्षद, उत्कर्ष आणि आदर्श ही त्याच घराण्याची पुढची पिढी. एका घरातल्या तीन पिढ्यांनी सामान्य माणसाच्या कानावर राज्य केले, असे उदाहरण मराठी संगीतात फार थोडे सापडेल.

मंगळवेढ्याची माती

मंगळवेढे हे नाव आपल्यासाठी साधे नाही. चौदाव्या शतकात संत चोखामेळा याच गावचे. गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून १३३८ साली ते इतर मजुरांसह गाडले गेले, असे परंपरा सांगते. विठ्ठलाचे अभंग रचणाऱ्या या माणसाला पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी आहे ती महाद्वाराच्या पायरीशी, म्हणजे बाहेरच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, तो ही वेदना ओळखूनच.

पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे ते १० मे १९४७ असे उपोषण केले आणि त्यानंतर दार उघडले. हिशोब केला तर तेव्हा प्रल्हाद शिंदे तेरा-चौदा वर्षांचे होते. म्हणजे ज्या देवाची गाणी गाऊन पुढे त्यांनी घराघरात जागा मिळवली, त्या देवाच्या देवळात त्यांच्या समाजाला त्यांच्या बालपणी पाय ठेवता येत नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवल्याशिवाय त्यांच्या भक्तिगीतांबद्दल बोलता येणार नाही.

प्रल्हाद शिंदे यांच्या घरात भजन-कीर्तनाचे वातावरण होते. वडील भगवानराव आणि आई सोनाबाई गाणाऱ्यांतले. त्या काळी आपल्या समाजात भजन ही घरची गोष्ट होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी आंबेडकर कबीरपंथी होते आणि त्यांच्या घरात रोज भजन होत असे. त्यांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले, म्हणजे सावित्री ओलांडली की पलीकडच्या मुलखातले. कोकणातल्या वाड्यांतही कबीर आणि चोखोबा यांची भजने मृदंग-टाळावर चालत. धर्मांतराआधीचा आपला गळा याच भजनांत तयार झालेला आहे.

कव्वालीची पार्टी

प्रल्हाद शिंदे यांच्या गायकीला धार चढली ती कव्वालीत. मुंबईत ते कव्वाल इस्माईल आझाद यांच्या पार्टीत साथीला होते. हे आझाद म्हणजे १९५८ सालच्या ‘अल हिलाल’ चित्रपटातल्या गाजलेल्या कव्वालीचे गायक. अशा पार्टीत शिकायला शाळा नसते. मागच्या ओळीत बसायचे, टाळी धरायची, मुख्य गायकाने ओळ टाकली की ती उचलायची, आणि रात्र संपेपर्यंत आवाज बसू द्यायचा नाही. हीच तालीम.

पुढे प्रल्हाददादांच्या विठ्ठलगीतांतही ही कव्वाली ऐकू येते. ते ओळ हळुवार उलगडत बसत नाहीत. पहिल्याच शब्दाला उंच सूर लावतात, हाक मारावी तशी ओळ फेकतात, आणि मागून कोरस ती झेलतो. शास्त्रीय बैठकीतल्या भक्तिगीताचा हा ढंग नव्हे. मैदानात, कर्ण्यावर, हजार माणसांसमोर गाऊन तयार झालेला हा ढंग आहे. माईक बिघडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेले पाहिजे, अशी त्याची बांधणी.

कव्वालीचा हा रंग एकट्या त्यांचा नव्हता. मुंबईच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत मुसलमान आणि बौद्ध शेजारी राहत. त्यातून मराठी कव्वाली उभी राहिली आणि बुद्ध-भीमगीतांचा सामना हा प्रकार रंगला. दोन पार्ट्या समोरासमोर, एकीने सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातच जबाब द्यायचा. पेटी, ढोलकी, बुलबुल आणि कोरसची टाळी. श्रावण यशवंते, कृष्णा शिंदे, सुषमादेवी, शकुंतला जाधव, रंजना शिंदे ही नावे याच परंपरेतली. जिथे वर्तमानपत्र पोहोचत नव्हते आणि पोहोचले तरी वाचता येत नव्हते, तिथे बाबासाहेबांचे चरित्र, महाडचा इतिहास आणि बुद्धाचा धम्म या पार्ट्यांनी पोहोचवला.

त्याआधी हे काम आंबेडकरी जलशांनी केले होते. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३०च्या दशकात नाशिक भागातून जलसे काढले. तमाशाचा ढाचा घेतला, त्यातला गण आणि गौळण बाजूला सारली, आणि समाजाच्या प्रश्नावर वग उभा केला. नंतर वामनदादा कर्डक आले. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा हे या गीतपरंपरेचे महाकवी. १५ मे २००४ रोजी ते गेले आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत प्रल्हाददादाही गेले. २००४ सालच्या त्या उन्हाळ्यात आपल्या गाण्याचे दोन मोठे खांब पडले.

रेकॉर्ड, कॅसेट आणि घराघरात पोहोचणे

गावोगाव फिरून गाणारे गायक पुष्कळ होते. प्रल्हाद शिंदे सर्वदूर गेले ते रेकॉर्डमुळे. एचएमव्ही कंपनीने त्यांची भक्तिगीते ध्वनिमुद्रित केली. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे गीत दत्ता पाटील यांचे, संगीत मधुकर पाठक यांचे. ‘चंद्रभागेच्या तीरी’, ‘आता तरी देवा मला पावशील का’, ‘दर्शन दे रे दे रे भगवंता’, ‘नाम तुझे घेता देवा’ अशी एकामागून एक गाणी लोकांच्या तोंडी बसली.

१९८०च्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या आणि बाजार बदलला. रेकॉर्ड प्लेअर श्रीमंताच्या घरी असे, टेपरेकॉर्डर मात्र चाळीच्या खोलीत आला. आमच्या किनाऱ्यावर ही गाणी चाकरमान्यांबरोबर आली. गिरणीत किंवा गोदीत काम करणारा माणूस भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचा किंवा एसटीने महाडकडे निघायचा, आणि पिशवीत मुलांसाठी खाऊ, आईसाठी लुगडे आणि दोन कॅसेट असायच्या. एकीत भीमगीते, दुसरीत भक्तिगीते. दोन्हींवर आवाज कित्येकदा एकाच माणसाचा.

या कॅसेटच्या लाटेवर पुढची पिढी स्वार झाली. आनंद आणि मिलिंद शिंदे वडिलांच्या कार्यक्रमांतच तयार झाले. मानवेल गायकवाड यांनी लिहिलेल्या आणि विठ्ठल शिंदे यांनी स्वरबद्ध केलेल्या ‘नवीन पोपट हा’ या गाण्याने त्यांनी महाराष्ट्र हलवला. पुढे आनंद शिंदे यांचा आवाज चित्रपटात गेला. ‘जत्रा’मधले अजय-अतुल यांचे ‘कोंबडी पळाली’ त्यांनी वैशाली सामंत यांच्यासोबत गायले. तीच चाल २०१२ साली ‘अग्निपथ’मधून हिंदीत गेली आणि देशभर वाजली. आदर्श शिंदे यांनी २०१३ सालच्या ‘दुनियादारी’साठी ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ गायले. २०१९ साली बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तेव्हा तिच्या शीर्षकगीतामागे आदर्श आणि उत्कर्ष ही भावंडे होती. आजोबांच्या काळात जे गाणे वस्तीच्या मैदानात होते, ते नातवांच्या काळात रोज संध्याकाळी साऱ्या महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात वाजले.

वाद नेमका काय आहे

आता मूळ प्रश्नाकडे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवदेवतांची उपासना न करण्याची स्पष्ट शपथ आहे. मग बौद्ध गायकाने विठ्ठलगीते गावीत का?

एक बाजू म्हणते, गाऊ नयेत. गाणे हे नुसते गाणे नसते. लोक त्यातून देव मनात बसवतात. ज्या देवळाने आपल्या बापजाद्यांना पायरीवर ठेवले, त्या देवळाची महती आपल्याच गळ्यातून का पसरावी? प्रतिज्ञा ही सोयीप्रमाणे घ्यायची आणि सोडायची गोष्ट नव्हे. हे म्हणणे हलके घेण्यासारखे नाही. आपली चळवळ टिकली ती असल्याच कडव्या निष्ठेमुळे.

दुसरी बाजू म्हणते, गाणे हा त्यांचा व्यवसाय होता. गवंडी देऊळ बांधतो म्हणून तो भक्त होत नाही. ध्वनिमुद्रिका कंपन्यांना बाजारात खपणारे गाणे हवे होते आणि बाजारात विठ्ठल खपत होता. भीमगीताच्या कार्यक्रमाला वाडीची वर्गणी, त्यातून जाण्यायेण्याचे भाडे आणि रंगल्यावर लोकांनी दिलेले बक्षीस. त्यावर सहा-सात जणांच्या पार्टीचा संसार चालत नाही. कलावंताने उपाशी राहून निष्ठा पाळावी आणि आपण सतरंजीवर बसून फुकट ऐकावे, हा कुठला न्याय?

तिसरे म्हणणेही आपल्यात ऐकू येते. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना करताना बाबासाहेबांनी पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची असल्याचे मत मांडले होते. त्याचा आधार घेऊन काहीजण म्हणतात, विठ्ठल गायला म्हणजे बुद्धच गायला. आम्हाला हा युक्तिवाद या ठिकाणी पटत नाही. बाबासाहेबांनी मांडला तो इतिहासाचा आणि संशोधनाचा मुद्दा होता. आजच्या बाजारातल्या भक्तिगीताला परवाना देण्यासाठी तो वापरणे बरोबर नाही.

आमचे मत असे. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते ही आपली प्रार्थना नाही आणि तशी ती होण्याची गरजही नाही. विहारात ती लावावीत असे कुणी म्हणत नाही. पण त्या गाण्यांमुळे त्यांना समाजाबाहेर उभे करणे हा अन्याय आहे. त्यांनी बुद्ध-भीमगीते गायली, समाजाच्या मंचावर गायली आणि पुढच्या पिढीच्या गळ्यात ती ठेवली. आज त्यांची मुले-नातवंडे जयंतीच्या व्यासपीठावर ठामपणे ‘जयभीम’ म्हणतात, हे त्याचेच फळ. बोट दाखवायचेच असेल तर ते बाजाराकडे दाखवावे, आणि थोडे आपल्याकडेही. आपल्या गायकाला आपल्या गाण्यावर जगता येईल अशी व्यवस्था आपण उभी केली होती का?

किनाऱ्याची गाणी आणि विठ्ठल उमप

या चर्चेत लोकशाहीर विठ्ठल उमप यांचे नाव घ्यायलाच हवे. १५ जुलै १९३१ चा त्यांचा जन्म. आमच्या किनाऱ्याशी त्यांचे नाते जवळचे, कारण कोळीगीत त्यांनी मनापासून गायले. ‘जांभूळ आख्यान’ त्यांनी रंगभूमीवर उभे केले, ‘टिंग्या’ आणि ‘विहीर’ या चित्रपटांत भूमिका केल्या, भारूड-गोंधळ गायला आणि आयुष्यभर भीमगीतेही गायली. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच ते कोसळले आणि गेले. लोककला आणि आंबेडकरी निष्ठा एका आयुष्यात एकत्र नांदू शकतात, याचा हा दाखला.

रायगडला तर स्वतःचाच इतिहास गाण्यासारखा आहे. १९ आणि २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह, २५ डिसेंबर १९२७ चे मनुस्मृतीदहन, त्या परिषदेसाठी बाबासाहेबांनी मुंबईहून दासगाव बंदरापर्यंत केलेला बोटीचा प्रवास, सत्याग्रहासाठी झिजलेले रा. ब. मोरे आणि सुरबानाना टिपणीस, पाण्याच्या हक्कावर मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली दिलेला निकाल. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून खोतांविरुद्ध वर्षानुवर्षे चालवलेला संप. हे सारे वाडीवाडीतल्या गायन पार्ट्यांनी आपापल्या चालीत बांधले. पण ती गाणी कुठल्या कंपनीने छापली नाहीत. ती आहेत जुन्या वह्यांत, पत्र्याच्या ट्रंकेत, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणीत.

गायकाचा हक्क : कायदा काय सांगतो

हे तरुण कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी भारतीय कॉपीराइट कायद्यात गायकाला गायक म्हणून स्वतंत्र हक्कच नव्हता. रेकॉर्डचा मालक म्हणजे कंपनी. गायकाला ठरलेले मानधन मिळाले की विषय संपला. गाणे पुढे कितीही वाजले तरी कायद्याने त्याचे पैसे मागण्याचा आधार नव्हता. प्रल्हाददादांच्या पिढीच्या उमेदीची वर्षे याच काळात गेली.

१९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क आला. आज त्याची मुदत ५० वर्षे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यापुढे जाऊन गीतकार, संगीतकार आणि गायक यांना व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचा वाटा दिला. गीतकार आणि संगीतकार यांनी रॉयल्टीचा हा हक्क कंपनीला लिहून दिला तरी तो करार चालत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच तो देता येतो. गायकांच्या हक्कांसाठी २०१३ साली गायकांची स्वतःची संस्थाही उभी राहिली. गीतकाराच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे आपल्या वाडीतल्या दिवंगत शाहिराचे गाणे कुणी यूट्यूबवर टाकून पैसे कमावत असेल, तर त्या शाहिराच्या घरच्यांना विचारण्याचा हक्क आहे.

आपण काय करायचे

पहिले, नाव घ्या. कार्यक्रमात गाणे म्हणण्याआधी गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक यांची नावे माईकवर सांगा. गाणे टाकताना खाली ती लिहा. ‘पारंपरिक भीमगीत’ हे लिहिणे म्हणजे बहुतेक वेळा एका खऱ्या कवीला पुसून टाकणे असते.

दुसरे, वह्या वाचवा. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा जुन्या गायन पार्टीतल्या माणसांकडे बसा. मोबाईलवर त्यांचा आवाज घ्या, वहीचे फोटो काढा, गाणे कुणी लिहिले, कोणत्या साली आणि कोणत्या प्रसंगावर, ते टिपून ठेवा. त्यांची परवानगी घ्या आणि एक प्रत त्यांच्याच घरी ठेवा.

तिसरे, मानधन ठरवा. जयंतीच्या अंदाजपत्रकात डीजेला, मंडपाला आणि बॅनरला रक्कम आधी लिहिली जाते, गायकाला उरेल ते दिले जाते. हा क्रम उलटा करा. पार्टीतल्या ढोलकीवाल्याचे आणि कोरसचेही पैसे वेगळे लिहा.

चौथे, गाणाऱ्या मुलांना व्यासपीठ द्या. दर पौर्णिमेला विहारात अर्धा तास नवीन गीतांसाठी ठेवला तरी वर्षाला बारा-तेरा कार्यक्रम होतात. प्रल्हाद शिंदे कोरसच्या मागच्या ओळीत बसूनच घडले. आपल्या वाडीत ती मागची ओळ आज आहे का, हे पाहा.

येत्या आषाढीला तो आवाज पुन्हा कर्ण्यावर लागेल. शेजारच्या मित्राला शांतपणे सांगा की हा आवाज कुणाचा, कुठल्या गावचा, कुठल्या समाजाचा. त्याच्या आजोबांना त्या देवळात का जाऊ दिले नसते तेही सांगा. आणि मग घरी येऊन त्याच आवाजातले भीमगीत लावा.

जयभीम. नमो बुद्धाय.